पुणे ते लेह: गाडी कुठे आणि कशामुळे अडते

निघण्याआधी, पुण्यात

लडाखच्या वाटेवर इंजिन बसल्याच्या गोष्टी सांगितल्या खूप जातात, घडतात त्या मानाने कमी. गाडी अडते ती किरकोळ कारणाने: रॅकचा सुटलेला बोल्ट, शेवटच्या दोन-तीन तारांवर टिकलेली क्लच केबल, रिममध्ये चिमटलेली ट्यूब, नाहीतर फॉगलॅम्प बसवताना हौशीने कापलेली वायर. त्यामुळे कोणती गाडी भारी यावर आठवडाभर वाद घालण्यापेक्षा तोच आठवडा पाना घेऊन आपल्या गाडीशेजारी बसलेलं बरं.

पुण्याहून या वाटेला जास्त करून तीन प्रकारच्या गाड्या लागतात. २०१६ साली आलेली रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन: एअर-ऑइल कूल्ड, सुमारे २४ बीएचपी, १५ लिटरची टाकी, पुढे २१ आणि मागे १७ इंची स्पोकची चाकं. चाकणला तयार होणारी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर, तिचं २०२०चं मॉडेल ३७३ सीसी, लिक्विड कूल्ड, १४.५ लिटरची टाकी, अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर. आणि हीरोची एक्सपल्स २००, वजनाला हलकी, १३ लिटरची टाकी. २०२३च्या शेवटी आलेली ४५२ सीसीची नवी हिमालयनही आता बरीच दिसते. सपाटीवर ३९० सुखाची. पण खडीच्या रस्त्यावर अलॉय रिम वाकली की हातोडीने कशीबशी सरळ करावी लागते, आणि चीर गेली तर ट्यूबलेस टायर हवा धरत नाही. म्हणून ट्यूबलेसवाल्यानेही एक ट्यूब सोबत ठेवावी. स्पोकचं चाक गावातल्या सायकलवाल्याकडूनही ताणून घेता येतं. कोणती गाडी चांगली याचं उत्तर मनाली-लेह रस्त्यावरच्या डारच्या गावाच्या पुढे ती कोण दुरुस्त करू शकतो, यात आहे.

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. उघडलेलं प्रत्येक झाकण, बदललेली प्रत्येक केबल पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये आपली खोड दाखवते. सर्व्हिसिंग झाल्यावर किमान ५०० किलोमीटर गाडी चालवा आणि त्यात पूर्ण सामान लादून एकदा मुळशी, ताम्हिणी, माणगाव करून या. घाटात सामान हलतं का, मागचं सस्पेन्शन खाली टेकतं का, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतो का, हे एका दिवसात कळतं. स्वार आणि सामानासकट सस्पेन्शन एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश दबलं पाहिजे. ४११च्या मागच्या सस्पेन्शनचा प्रवास १८० मिलिमीटर आहे, म्हणजे ५५ ते ६० मिलिमीटर. त्याहून जास्त बसत असेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा दाब, वाढवा.

सुटे भाग नाना पेठेत एका फेरीत मिळतात: क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर केबल, दोन्ही लिव्हर, ब्रेक पॅडचा एक जोड, प्लग आणि प्लगचा पाना, आपल्या चेनच्या मापाचे दोन चेन लॉक, १०, १५ आणि २० अँपिअरचे फ्यूज, ड्रेन बोल्टचं वायसर, एक लिटर इंजिन ऑइल, एम-सील, केबल टाय, बाइंडिंग तार, दोन मीटर वायर. ट्यूब एकच न्यायची असेल तर पुढची २१ इंची न्या. ती घडी पडून का होईना, मागच्या १७ किंवा १८ इंची चाकात बसते आणि चाळीसच्या वेगाने पुढच्या गावापर्यंत पोचवते. मागची ट्यूब पुढे ताणून बसवायला जाऊ नका, ती फाटेल. क्लचची जादा केबल पिशवीत ठेवण्याऐवजी चालू केबलला लागूनच ओढून केबल टायने बांधा आणि तिची दोन्ही टोकं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. तुटली की फक्त टोकं बदलायची, टाकी काढावी लागत नाही.

भोसरीत बनवून घेतलेला क्रॅश गार्ड किंवा रॅक असेल तर त्याच्या प्रत्येक बोल्टला निळा थ्रेडलॉक (बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) लावा. अ‍ॅक्सलच्या नटाला आणि ऑइलच्या ड्रेन बोल्टला मात्र नको. घट्ट केल्यावर बोल्ट आणि फ्रेम दोन्हींवरून जाईल अशी पेंटची एक बारीक रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय, पाना लावून तपासत बसायला नको.

पहिला दिवस: पुणे ते धुळे, सुमारे ३७० किलोमीटर

एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, समृद्धीवरही आहे. त्यामुळे मुंबईमार्गे जायचं तर लोणावळ्याचा जुना घाट आणि पनवेलची गर्दी. त्यापेक्षा चाकण, नारायणगाव, संगमनेर, नाशिक हा रस्ता बरा, पुढे आग्रा रोड. चाकणची कोंडी टाळायची तर पहाटे पाचला निघा.

पहिला मुक्काम मुद्दाम जवळ ठेवलाय. नारायणगावला चहा होईपर्यंत हब आणि चेन हाताने चाचपा, डिस्क मात्र नाही. डिस्कला हात न लावता जवळ नेला तरी एकीकडची जास्त तापलीय हे समजतं. तसं असेल तर कॅलिपरचा पिस्टन अडकलाय आणि पॅड सतत घासतायत. हे संगमनेरच्या अलीकडे कळलं तर गॅरेज आहे, बारालाचाच्या खिंडीत कळलं तर नाही. चंदनापुरी घाट आणि चांदवडचा राहुड घाट दोन्ही सोपे आहेत, पण उतारावर गियरनेच वेग धरायची सवय इथूनच लावा.

धुळ्यात गाडी थंड झाल्यावर चेन बघा. लांब सस्पेन्शनच्या गाडीची चेन शहरातल्या गाडीपेक्षा सैल लागते. इंजिनाचा स्प्रॉकेट, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते, आणि खड्ड्यात सामानासकट मागचं चाक वर गेलं की नेमकं तेच होतं. स्टँडवर छान घट्ट वाटणारी चेन तेव्हा इंजिनाच्या आउटपुट बेअरिंगवर आणि सीलवर ओढ देते. स्प्रॉकेटमागून ऑइल पाझरू लागतं त्याचं हे नेहमीचं कारण. मॅन्युअलमधल्या मापाच्या वरच्या टोकाला ढील ठेवा.

दुसरा ते चौथा दिवस: सेंधवा, उज्जैन, झालावाड, जयपूर, चंदीगड

या सपाटीवर सांगण्यासारखं थोडंच आहे. ऊन आणि एकसारखा वेग. एअर-ऑइल कूल्ड सिंगल सिलिंडर गाडी ८५ ते ९५च्या दरम्यान दिवसभर कुरकुर न करता पळते. ११०वर धरली की ऑइल खाते आणि हादऱ्यांनी आरसे, नंबरप्लेट, हेडलाइटचे स्क्रू ढिले करते. रोज सकाळी गाडी सरळ उभी करून इंजिनावरच्या काचेतून ऑइल बघा. मधल्या खुणेच्या खाली गेलं तर शंभर-दीडशे मिलिलिटर घाला, एकदम भरू नका.

चेन दर ५०० किलोमीटरला पुसून तिला गियर ऑइल किंवा चेन स्प्रे लावायचा, तोही मुक्कामाला पोचल्यावर, चेन गरम असताना. धुवायची तर रॉकेल किंवा डिझेलने, पेट्रोलने नाही. पेट्रोल चेनच्या सांध्यांतल्या ओ-रिंगच्या रबराला खातं, आणि ओ-रिंग गेली की आतलं ग्रीस धुऊन जातं.

जयपूरला गॅरेजं भरपूर आहेत. एक मल्टिमीटर बॅटरीला लावा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि ४,००० आरपीएमला १३.८ ते १४.४ यायला हवेत. १३च्या आत असेल तर चार्जिंग होत नाही, १५च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी शिजतेय. फॉगलॅम्प, फोनचा चार्जर, गरम ग्रिप असं सगळं चालू ठेवून पुन्हा बघा. स्टॉक गाडीचा अल्टरनेटर या सगळ्यांसाठी बनवलेला नसतो. एवढे दिवे लावून लेहला पोचणारे आहेत, पण धक्का मारून गाडी चालू करणारेही बरेचसे तेच असतात. इंजेक्शनच्या गाडीला तर धक्क्याचाही भरवसा नाही, कारण पंप आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) जागे होण्याइतका करंट बॅटरीत उरलेला लागतो.

पाचवा दिवस: चंदीगड ते मनाली, सुमारे ३०० किलोमीटर

कीरतपूरच्या पुढे नवा रस्ता आणि बोगदे आहेत, पण मंडी ते कुल्लू पट्ट्यात पावसाळ्यात दरड कोसळून तासन्‌तास रस्ता बंद पडतो. अशा रांगेत लिक्विड कूल्ड गाडीचा फॅन सतत फिरत राहतो. पुढे सरकायचं नसेल तर इंजिन बंद करा.

मनालीत पोचल्यावर ब्रेक पॅड बघा. मटेरियल दीड-दोन मिलिमीटरच उरलं असेल तर इथेच बदला. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांहून जुनं असेल तर तेही. डॉट ४ फ्लुइड कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १५५पर्यंत उतरते. लांब उतारावर ब्रेक दाबून ठेवला की लिव्हर अचानक मऊ लागते, ती याच वाफेमुळे. तसं झालं तर थांबा, थंड होऊ द्या. पंप करत उतरू नका.

सहावा दिवस: मनाली ते जिस्पा

९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाल्यापासून रोहतांगचा चिखल टळला. त्याबरोबर गाडीची पहिली खरी परीक्षाही एक दिवस पुढे गेली. टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. लेहच्या सुमारे ३५ किलोमीटर अलीकडे कारूला पंप आहे, म्हणजे हिशेब ३३० किलोमीटरचा धरा.

३९०ला लिटरला २५ किलोमीटर धरले तर पूर्ण टाकीत ३६०. खालचे गियर आणि खराब रस्ता यासाठी पाचवा हिस्सा वजा केला की २९० उरतात, म्हणजे कमी पडतात. ४११ला २८ धरून असाच हिशेब केला की ३३६ येतात, म्हणजे काठावर. एक्सपल्स ३५च्या हिशेबाने सुखरूप जाते. ३९०वाल्याने पाच लिटर, ४११वाल्याने तीन लिटर कॅनमध्ये घ्यावेत. पाण्याची बाटली चालत नाही, पेट्रोलसाठीचाच कॅन घ्या आणि वर पोचल्यावर झाकण हळू उघडा. उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो, कॅन फुगतो आणि पेट्रोल उडतं.

याच रात्री टाकीची हवेची नळी बघा. टाकीच्या झाकणाखालून निघणारी बारीक रबरी नळी इंजिनाच्या खालच्या अंगाला सोडलेली असते. तिच्या टोकाला चिखल वाळला की टाकीत हवा जाणं बंद होतं. लक्षण ठरलेलं: गाडी वीस-तीस किलोमीटर नीट चालते, मग दम लागल्यासारखी होऊन बंद पडते, झाकण उघडलं की ‘फुस्स’ आवाज येतो आणि गाडी पुन्हा चालू होते. लोक फ्युएल पंप गेला म्हणून गाडी टेम्पोत घालतात. टोकात तार घालून नळी मोकळी करा, काम झालं.

सातवा दिवस: जिस्पा ते पांग

सगळ्या प्रवासातला कस इथे लागतो. बारालाचा ४,८९० मीटर, मग उतरून सरचू, गाटाची २१ वळणं, नकीला, लाचुंगला आणि पांग. निघायचं पहाटे, कारण वरचा बर्फ दुपारी वितळतो आणि नाल्यांना पाणी चढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला चार वाजता गुडघ्यापर्यंत येतो.

नाल्यात शिरण्याआधी उतरून चालत बघा. पहिला गियर, एकसारखा थ्रॉटल, नजर समोरच्या काठावर. सायलेन्सर पाण्याखाली गेला तरी इंजिन चालू असेपर्यंत काही होत नाही, धोका एअर फिल्टरच्या तोंडाचा. गाडी पाण्यात आडवी झाली आणि इंजिन बंद पडलं, तर स्टार्टरचं बटण दाबायचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि तेव्हा खरोखर इंजिन बसतं. गाडी काठावर ओढा, एअर फिल्टरचं झाकण उघडा. आत कोरडं असेल तर नशीब. ओलं असेल तर प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडून काही सेकंद स्टार्टर मारा, प्लगच्या भोकातून पाणी पिचकारीसारखं येतं. भोकासमोर तोंड नको. प्लग पुसून परत लावा. मग ऑइलची काच: दुधाळ चहासारखं दिसलं तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही. फिल्टर कागदाचा असेल तर झटकून, वाळवून लावा, पिळू नका. तुमच्या गाडीत प्लगपर्यंत हात जायला टाकी काढावी लागते का, हे पुण्यातच एकदा करून बघा.

पाण्यानंतर गाडी अचानक बंद पडली, डॅशबोर्ड चालू आहे पण स्टार्टर गप्प, तर नव्वद टक्के साइड स्टँडचा स्विच. त्यात चिखल बसला की गाडीला वाटतं स्टँड खाली आहे. बाटलीतल्या पाण्याने धुवा, स्टँड दहा-बारा वेळा वर-खाली करा. क्लच लिव्हरखालचा बारीक स्विचही असाच दगा देतो. एबीएसचा दिवा पेटला तर चाकाजवळचा सेन्सर पुसा. नाही गेला तरी घाबरू नका, साधे ब्रेक लागतातच.

उंचीवर ताकद जाते ती हवेच्या प्रमाणात. ५,३०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण ५७ टक्के राहते, म्हणजे २४ बीएचपीची गाडी तिथे चौदाची होते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर दाब मोजून पेट्रोल कमी करतो. कार्बुरेटरच्या जुन्या गाडीत मिश्रण जाड होतं आणि प्लग काळा पडतो, तो साफ करायचा आणि पुढे जायचं. तक्रार इंजिनाबद्दल होते, जळतो मात्र क्लच. गाटाच्या वळणांवर दुसऱ्या गियरमध्ये अर्धा क्लच धरून गाडी खेचली की जळका वास येतो, मग आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही. पहिला गियर टाका, क्लच पूर्ण सोडा, हळू चढा. वास आलाच तर अर्धा तास थांबा आणि लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक आहे ना ते बघा. प्लेटा तापून फुगल्या की ती मोकळीक नाहीशी होते आणि क्लच सतत अर्धा दाबलेला राहतो.

लिक्विड कूल्ड गाडीचा वेगळा विषय. बारालाचाच्या वर उघडं पाणी ८४ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरतं म्हणून कूलंट टिकतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर पुण्यात कधी न उकळलेली गाडी इथे ओव्हरफ्लोच्या बाटलीतून वाफ सोडते. नवीन झाकण काहीशे रुपयांत येतं. कूलंटमध्ये नुसतं पाणी भरत गेलात तर सरचूच्या सप्टेंबरातल्या रात्री ते गोठू शकतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी हे प्रमाण मोडू नका.

टायरच्या हवेबद्दल बरंच काही ऐकायला मिळतं. आकडे असे आहेत: पुण्यात २८ पीएसआय भरलेला टायर ५,३०० मीटरवर बाहेरचा दाब कमी झाल्याने सुमारे ६ने जास्त दाखवतो, पण तापमान ३०वरून शून्यावर आल्याने सुमारे ४ने कमी. निव्वळ फरक दोनेक पीएसआयचा. खिंडीत हवा सोडत बसायचं कारण नाही. खडीवर पकड हवी म्हणून सोडायची तर ट्यूबच्या टायरमध्ये २२च्या खाली जाऊ नका, दगडावर आपटून ट्यूब चिमटते आणि एकाच जागी दोन समांतर चिरा पडतात. अशा पंक्चरला एक पॅच पुरत नाही.

पांगला पोचल्यावर अंधार पडायच्या आत स्पोक वाजवा. पान्याच्या दांड्याने एकेक स्पोक हलकेच ठोकत चाक फिरवायचं. ताणलेला स्पोक टणटणतो, सैल झालेला थप्प आवाज देतो. सैल असेल त्याला पाव फेरा, जास्त नाही. उंचीवर डोकं जड झालेलं असतं, म्हणून हे काम ज्याला बरं वाटतंय त्याने करावं.

आठवा दिवस: पांग ते लेह, सुमारे १७५ किलोमीटर

मोरे मैदानावर डांबर आहे. तांगलांगला ५,३२८ मीटर. उतरताना पुढच्या फोर्कवर ऑइलचा ओला पट्टा दिसला की सील गेला असं समजून लोक घाबरतात. बऱ्याचदा सीलच्या ओठाखाली फक्त वाळूचा कण अडकलेला असतो. डस्ट सील जागेवरून सरकवा, जुन्या एक्स-रे फिल्मचा हूकसारखा तुकडा कापून सीलच्या आत घाला आणि गोल फिरवून मळ बाहेर ओढा. ऑइल डिस्कवर आलं असेल तर आधी डिस्क पुसा, मगच गाडी हलवा.

नववा दिवस: लेह

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी करून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मध्यावर ‘खट्ट’ लागलं तर कोनसेटमध्ये, म्हणजे हँडलच्या मानेतल्या बेअरिंगमध्ये, खड्डे पडलेत. तसं चालेल, पण सरळ रस्त्यावर गाडी डुलते. मग दोन्ही चाकं आडवी हलवून बघा. किंचितही खेळ असेल तर बेअरिंग इथेच बदला, कारगिलच्या वाटेवर नको. खारदुंगलाला सामान न घेता जा.

दहावा दिवस आणि पुढे: लेह, कारगिल, श्रीनगर, जम्मू

फोतुला ४,१०८ मीटर, झोजिला ३,५२८. झोजिलाच्या चिखलात पुढच्या मडगार्ड आणि टायरच्या मध्ये माती घट्ट बसते आणि चाक फिरेनासं होतं. काडीने उकरा. शक्य असेल त्या गाडीचं मडगार्ड वर उचलून बांधा.

जम्मूहून गाडी झेलम एक्सप्रेसमध्ये पार्सल करणं हा पुणेकरांचा जुना मार्ग. आरसीची आणि ओळखपत्राची प्रत, गोणपाटात पॅकिंग आणि टाकी पूर्ण रिकामी लागते. नुसती उपसून भागत नाही, तळचं पेट्रोलही काढावं लागतं. आरसे आणि लिव्हर काढून सामानात घ्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा.

पुण्यात गाडी उतरली की ओढून जवळच्या पंपावर न्या. मेकॅनिकला नुसतं ‘सर्व्हिसिंग करा’ सांगितलंत तर ऑइल बदलून आणि धुऊन गाडी परत मिळेल. त्याला कागदावर लिहून द्या: एअर फिल्टर बदलणे, ब्रेक फ्लुइड दोन्हीकडे नवे, कॅलिपरच्या पिना काढून ग्रीस, कोनसेट उघडून बघणे, चाकांचे बेअरिंग, स्विंगआर्मच्या बुशना ग्रीस, रॅकच्या वेल्डला चीर आहे का ते बघणे. रॅक काढल्याशिवाय ती चीर दिसत नाही, त्यामुळे रॅक काढताना तिथे उभे राहा.